त्रेसष्ट नंबरचं दार

“आत गेली का ती?”

चाचांनी दुसऱ्यांदा विचारलं.

“चाचा, रडली ती,” शलाका म्हणाली. “साठ वर्षांनी स्वतःचं घर बघितलं तिनं. दारासमोर उभी राहून रडली. सगळ्यांनी बघितलं.”

“ते कळलं. आत गेली का?”

“नाही.”

चाचांनी मांडीवरच्या फडक्याची आणखी एक घडी घातली. फडकं कोरडं होतं.

…

दोघं संग्रहालयाच्या पायरीवर बसले होते. संग्रहालय म्हणजे नव्या कळंबोशीतला पत्र्याचा एक हॉल, दर्ग्याच्या भिंतीला लागून. जुनी कळंबोशी इथून दीडशे मैलांवर डोंगरात होती. आता तिथे धरणाचं पाणी आहे. कुठल्याही उन्हाळ्यात ते इतकं खाली जात नाही की गावाचा एखादा दगड दिसावा.

गाव उठलं तेव्हा प्रत्येक घरानं एक तरी वस्तू बरोबर घेतली होती. कुणी जातं, कुणी पाळणा, कुणी नुसतीच खुंटी. सपकाळांनी घराचं पुढचं दार बिजागऱ्यांसकट उखडून आणलं. नव्या घराच्या चौकटीत ते बसलं नाही. पुढे अशा न बसणाऱ्या वस्तूंचा हॉल झाला, आणि त्याची किल्ली बाबालाल मुजावरांकडे आली. ते दर्ग्यात दिवाबत्ती करत, झाल्यावर हॉल झाडत. आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. सगळं गाव त्यांना चाचा म्हणे.

चाचांची रीत ठरलेली होती. हॉलमध्ये कोणी आलं की विचारायचं, “तू कुणाचा?” घराचं नाव कळलं की त्या घरची वस्तू दाखवायची आणि हातात ओलं फडकं द्यायचं.

पुसून घे, म्हणायचे. बाकी माहिती काही नाही.

…

शलाका सपकाळांची. वाढली पुण्यात, शिकली स्कॉटलंडमध्ये. संग्रहालय कसं चालवावं, लहानथोर सगळ्यांनी तिथे रमावं म्हणून काय करावं, याचंच तिचं शिक्षण. तिकडे नोकरी मिळत होती. ती सोडून आली, कारण जुनं गाव पाहिलेली माणसं एकेक करून संपत होती. ती आली तेव्हा नऊ उरली होती.

तिनं सात महिने राबून पाण्याखालचं गाव उभं केलं. व्हीआरचा चष्मा डोळ्यांवर चढवला की समोर जुन्या कळंबोशीचा रस्ता. मान वळवली की डोंगर. हातात धरायच्या कंट्रोलरच्या मुठीवरचं बटण अंगठ्यानं दाबलं की पुढे चालता येई, दारातून आतही जाता येई.

गाव त्याला ‘तोंडावरचा डबा’ म्हणे.

घरांची मापं तिनं जुन्या मोजणीच्या कागदांतून काढली. त्याच दप्तरात प्रत्येक घराच्या दर्शनी बाजूचा एकेक फोटो होता. दोनशे सतरा फोटो. ते मिळाले त्या दिवशी ती जेवली नव्हती.

आणि हे सगळं तिनं एका बाईसाठी केलं होतं.

…

हौसाआत्या शलाकाच्या आजोबांची धाकटी बहीण. घरात सगळेच आत्या म्हणत, म्हणून शलाकाही.

पंधराव्या वर्षी लग्न होऊन आत्या त्या दारातून बाहेर पडली. दोन वर्षांनी नवरा गेला आणि ती माहेरी परत निघाली, तेव्हा माहेरावर पाणी होतं. भावाकडे या माळावर आली, ती इथलीच झाली.

शलाका बोलणं रेकॉर्ड करायला गेली तेव्हा आत्यानं फार काही सांगितलं नव्हतं. म्हणाली होती, एकदा आत जाऊन चुलीपाशी बसले की झालं. मग मी मोकळी.

शलाकानं चूल केली. तिन्ही दगड काळे केले. आत्याला आठवत होतं तसं एका दगडाला चीर पाडली.

आणि काल आत्या दारात उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मग चष्म्याखालून पाणी ओघळलं. आत न जाताच तिनं चष्मा काढून दिला.

…

“तुळशीराम गेला आत?” चाचांनी विचारलं.

शलाकाला हसू आलं. तुळशीराम कदमांनी चष्मा घालायच्या आधी पायताण काढलं होतं, आणि ते चोरीला जाणार नाही ना, असं तिला दोनदा विचारलं होतं. गावात शिरल्या शिरल्या त्यांनी शेजाऱ्याला शिव्या दिल्या होत्या. शेजारी वारून तीस वर्षं झाली. पण त्याची म्हैस अजून आपल्याच गोठ्यापुढे बांधलेली, हे त्यांना सहन झालं नव्हतं.

“मग? गेला का आत?”

“नाही. तेही दारातच थांबले.”

“मालन?”

“थांबल्या.”

“बाकीचे?”

आठही जण आपापल्या दारात थांबले होते. चाचांनी डबा कधी तोंडाला लावलाच नव्हता. ती आग्रह करी तेव्हा कधी आज गुरुवार असे, कधी डोळ्यांत औषध घातलेलं असे.

“शाळेची पोरं गेली होती,” ती म्हणाली. “सगळ्या घरांतून पळाली. कोंबड्यांच्या मागे लागली. बायकाही गेल्या, सुनाही गेल्या. वयस्कर माणसांना बटण जमत नसेल चाचा. अंगठ्यात जोर नसतो. ते मी सोपं करते.”

“तुळशीराम अजून ट्रॅक्टर चालवतो.”

एकदम शलाकाचा चेहरा उजळला.

“माहेरवाशीण दारात आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळतात ना? पायावर पाणी घालतात. आत्या त्याचीच वाट बघत असणार. मी दारात एक बाई उभी करते. हातात तांब्या. आत्याची आईच करते ना.”

“तोंड कुणाचं देशील तिला?”

“म्हणजे?”

“तिच्या आईचा फोटो न्हाई कुठं.”

…

चाचा उठले. आत गेले. हॉलच्या मधोमध शलाकानं जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवून चौकोन आखला होता. त्यात जाऊन उभे राहिले.

“आण तो डबा.”

तिनं चष्मा त्यांच्या डोक्यावर बसवला. पट्टा सैल केला. मूठ हातात दिली, बटण दाखवलं. आणि स्वतः लॅपटॉपसमोर बसली. चाचांना जे दिसत होतं ते तिला पडद्यावर दिसत होतं.

चाचांनी रस्ता विचारला नाही. जुन्या गावातल्या दर्ग्याकडून निघाले, पारापाशी डावीकडे वळले. कदमांच्या गोठ्याजवळ येताच ते कमरेत वाकले, डोकं सांभाळून दोन पावलं गेले आणि पुन्हा सरळ झाले.

तिथे एक फांदी असणार. पडद्यावर फांदी नव्हती.

ते सपकाळांच्या दारासमोर आले. थांबले.

दार सुंदर झालं होतं. सागवानी फळ्या, पितळी कडी. त्यावर छातीच्या उंचीला, पांढऱ्या ठसठशीत रंगात, ६३.

चाचांनी मूठ खाली सोडली. ती मनगटाच्या दोरीला लोंबकळत राहिली. त्यांचा हात खांद्यावर गेला. खांद्यावरचं फडकं त्यांनी ओढून घेतलं, आणि पुसायला लागले.

हॉलमध्ये दुपारचं ऊन पत्र्यावर कडकड वाजत होतं. एक म्हातारा माणूस तोंडाला डबा लावून हवा पुसत होता.

वरून खाली. मग गोल गोल. मग पुन्हा वरून खाली.

पडद्यावर नंबर होता तसाच होता.

“चाचा,” शलाका हळूच म्हणाली, “ते पुसलं जाणार नाही.”

“कळतंय.”

पण त्यांचा हात थांबला नाही. श्वास लागला तरी थांबला नाही. शलाकानं जाऊन त्यांचा हात धरला, तेव्हा थांबला.

…

“नंबर कुठनं आणलास?”

“फोटोतून. मूळ फोटो आहेत चाचा, सरकारी. त्यात खोटं काही नाही.”

“फोटो किती वाजता काढला?”

“ते… ते कसं कळणार?”

“मी सांगतो. धा वाजता. रंगारी पुढं, फोटोवाला मागं. रंग वला असायचा.”

चाचा भिंतीला टेकून बसले. मग त्यांनी सांगितलं ते असं.

धरणासाठी मोजणी झाली आणि घरांना नंबर पडले. पाणी यायला त्यानंतर तीन वर्षं लागली. पहिला नंबर चुन्याचा होता. त्या सकाळी रंगारी गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत शलाकाच्या पणजीनं राख आणि काथ्या घेऊन तो घासून काढला. मग शेजारणीनं काढला. मग सगळ्या गल्लीनं. महिन्याभरानं रंगारी पुन्हा आले, तेलाचा रंग घेऊन. बायकांनी विटेचा चुरा काढला. रंग गेला, त्याबरोबर लाकूडही थोडं गेलं. असं तीन वर्षं चाललं.

हळूहळू रीतच पडली. नंबर दिसत असला तर त्या दारातून आत जायचं नाही. आधी पुसायचं, मग पाऊल. घरचा असो की पाव्हणा. बायका पदरानं पुसत, गडी पटक्याच्या शेवानं. नंबर गेलेला असला तरी एकदा हात फिरवूनच आत.

हौसाच्या लग्नादिवशी रंगारी सकाळीच येऊन गेले होते. वऱ्हाड दारात उभं, वाजंत्री वाजत होती, आणि तिची आई पाठमोरी होऊन दार घासत होती. नंबर निघाला तेव्हा पोरगी बाहेर पडली.

“नंबर असला की घर सरकारचं,” चाचा म्हणाले. “पुसला की आपलं.”

…

“मी सगळ्यांशी बोलले चाचा. बेचाळीस तास रेकॉर्डिंग आहे. कोणीच का नाही सांगितलं नंबराचं?”

“पुसून टाकल्यालं कोण सांगतं?”

“तुम्ही तरी…”

चाचांनी समोर बोट केलं.

हॉलच्या पलीकडच्या भिंतीला सपकाळांचं खरं दार टेकवून ठेवलेलं होतं. त्यावर छातीच्या उंचीला तळहाताएवढा एक खळगा होता. तिथलं लाकूड फिकट, गुळगुळीत. शलाकानं आल्या आल्या दाराची नोंद केली होती, तेव्हा त्या जागी लिहिलं होतं, ऊनपावसानं झिजलेला भाग. चष्म्यातलं दार करताना तिनं तो खळगा भरून काढला होता. आणि फोटोत बघून, जसाच्या तसा, नंबर घातला होता.

चाचा रोज सकाळी ओल्या फडक्यानं तो खळगा पुसत. ती आल्यावर पंधराव्या दिवशी तिनं त्यांना थांबवलं. ओलाव्यानं लाकूड कुजतं, तिनं समजावून सांगितलं होतं. अगदी आदरानं सांगितलं होतं. आणि दारावर पाटी लावली होती. स्पर्श करू नये.

चाचा तेव्हा ‘बरं’ म्हणाले होते.

“तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तू इचारलं न्हाईस,” चाचा म्हणाले. “पाटी लावलीस.”

…

दोन दिवसांत शलाकानं दोनशे सतरा दारांवरचे नंबर काढून टाकले. सगळी दारं स्वच्छ झाली.

तोवर आत्याला ताप भरला होता. ती खाटेवर होती. शलाकानं तिच्या पाठीशी उशा लावल्या, चष्मा घातला आणि स्वतःच बटण दाबत तिला दारापर्यंत नेलं.

आत्यानं दार बघितलं. पदराचं टोक हातात घेतलं. हात उचलला.

हात अधांतरी राहिला.

“हे दार नवं हाय,” ती म्हणाली.

“नाही आत्या. तेच आहे. मापात सुताचाही फरक नाही.”

आत्यानं हात पुढे नेला, जणू चाचपडून बघत होती. मग म्हणाली, “इथं आईचा हात न्हाई गं.”

आत्यानं स्वतःच चष्मा उतरवला. सासरी निघालेल्या मुलीचा घ्यावा तसा दोन्ही हातांत शलाकाचा चेहरा घेतला.

“चांगलं केलंस पोरी. लई चांगलं केलंस.”

शलाकाला तो दिवस आयुष्यात विसरता येणार नव्हता. आत्या तिची समजूत घालत होती.

…

“नंबर ठेवला तर आत्या आत जात नाही,” शलाका पायरीवरूनच बोलत आली. “काढला तर घर ओळखत नाही. मग मी करू काय चाचा? नंबर खरा की खोटा? तो होता ना? मग तो दाखवायचा की नाही? एक काहीतरी सांगा.”

चाचा दर्ग्याच्या दिव्यांच्या वाती वळत होते. वळतच राहिले.

“सात महिने झाले. तुम्ही मला एक गोष्ट शिकवली नाही. फक्त पुसायला सांगितलंत.”

…

“तुझी पणजी काय करायची?” चाचांनी विचारलं.

“पुसायची.”

“मग गेला का नंबर?”

“परत यायचा.”

“मग?”

“मग परत पुसायची.”

चाचांनी वळलेली वात तेलात बुडवली.

शलाकानं आत जाऊन लॅपटॉप उघडला.

…

त्या कामाला चार दिवस लागले.

नंबर तिनं परत आणला. सगळ्या दारांवर, ओल्या रंगात. हातातली मूठ काढून टाकली. चष्म्यालाच हात दिसतील असं केलं, म्हणजे उघड्या तळव्यानं, पदरानं, कशानंही पुसता येईल. एकदा हात फिरवला की नंबर पुसट होई. दहाबारा वेळा फिरवला की जाई, आणि खालून खळगा वर येई. खऱ्या दारावरचा खळगा तिनं बोटांनी चाचपून, मोजून घेतला होता. चाचपताना पाटी आड येत होती, म्हणून ती काढून खाली ठेवली.

पुसून झाल्याशिवाय दार उघडत नव्हतं. आणि पुढचा माणूस चष्मा घाली तेव्हा नंबर पुन्हा ओला.

पाचव्या दिवशी सकाळी चष्मा पिशवीत घालून ती आत्याकडे निघाली. चालताना तिला जाणवलं की ती जवळजवळ पळते आहे.

अंगणात माणसं बसली होती.

चपला बाहेर, दोन रांगांत. तुळशीराम कदम खांबाला टेकून खाली बघत होते. चाचा पुढेच होते. डोक्यावर रुमाल.

कोणीतरी शलाकाच्या हातातली पिशवी घेतली. तिला ते कळलंही नाही.

…

तेराव्यानंतर म्हातारी माणसं हॉलमध्ये आली. कोणी बोलावलं नव्हतं.

तुळशीरामांनी पायताण काढलं. चष्मा घातला. खांद्यावरचा पंचा घेऊन दार पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं. मग आत गेले आणि पिवळ्या चौकोनात उकिडवे बसले. आत त्यांना काय दिसत होतं ते शलाकाला पडद्यावर दिसत होतं. रिकामी खोली, कोनाडा, चूल. ते कोनाड्याकडे बघत होते. तिथे शलाकानं काहीच ठेवलेलं नव्हतं.

“आमची चिमणी,” ते म्हणाले. “लावा कुणीतरी. अंधार झाला.”

मालनबाईंनी पदर ओला करून आणला होता. त्यांना सांगायलाच लागलं नाही. आत गेल्यावर त्यांनी कुणाला तरी हाक मारली. नाव कुणाला ऐकू आलं नाही.

त्या आठवड्यात शाळेची पोरं पुन्हा आली. आता पोरंही दारात थांबत. पुसताना आपसांत बोलत नसत. का ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

नऊपैकी आठ माणसं आत गेली. त्यांत शेवटचे चाचा.

…

दुसऱ्या दिवशी सकाळी शलाका हॉलवर आली ती चष्मा चाचांच्या हवाली करायला. पाठीवर तिची पिशवी होती.

चाचा पायरीवर होते.

“तिकडून परत बोलावलंय,” ती म्हणाली. “जाते मी. हे आता चालेल तुमचं तुम्हाला. बटण नाही, काही नाही.”

चाचांनी तिच्या पाठीवरच्या पिशवीकडे बघितलं.

“चार दिवस चाचा. फक्त चार दिवस. मी आधी विचारलं असतं… पाटी लावली नसती तर…”

ती त्यांच्याशेजारी पायरीवर बसली.

“जिच्यासाठी केलं ती सोडून सगळे आत गेले. ती नंबराबाहेरच राहिली. मी ठेवली तिला बाहेर.”

चाचांनी तिला रडू दिलं. थांब म्हणाले नाहीत.

मग उठले. रांजणापाशी जाऊन फडकं भिजवलं. पिळलं. तिच्यासमोर येऊन उभे राहिले, आणि हॉलमध्ये पहिल्यांदा आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं,

“तू कुणाची?”

सात महिन्यांत हा प्रश्न त्यांनी तिला कधी विचारला नव्हता.

तिनं डोळे पुसले.

“मी… हौसाआत्याची.”

चाचांनी ओलं फडकं तिच्या हातात ठेवलं.

ती आत गेली. पाठीवरची पिशवी उतरवून ठेवली. खऱ्या दारासमोर उभी राहिली. मग पुसायला लागली. वरून खाली. मग गोल गोल. हात आपोआप खळग्यात बसत होता.

बराच वेळ गेला. पत्रा तापायला लागला.

“चाचा,” ती मागे न बघता म्हणाली, “इथं काहीच नाही आता.”

“व्हय.”

“मग पुसायचं काय?”

…

चाचांनी तिच्या हातातून फडकं घेतलं, झटकलं आणि दाराच्या कडीवर वाळत घातलं.

“उद्या परत येतील रंगवायला,” ते म्हणाले. “लवकर ये.”